सहा जणांचं एकच तिकीट

१

मास्तरांनी पाकीट उघडलं, आतला कागद बाहेर काढला, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि अगदी हळू म्हणाले, "हे आपलं तिकीट नाही."

प्रतीक्षागृहाच्या भिंतीवरचं घड्याळ बारा चाळीस दाखवत होतं. आमची पुढची गाडी दोन दहाची होती.

एक तिकीट हरवलं तर एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण ते एक तिकीट आम्हा सहा जणांचं होतं. मास्तरांनी महिन्याभरापूर्वी वाचनालयाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली होती, 'सहा जण जमलो तर चौघांच्या भाड्यात सहा जाऊ.' आमच्या गावापासून त्या शहरापर्यंत जायचं म्हणजे दीड दिवस आणि खिशाला मोठं भोक. त्यामुळे एरवी एकमेकांकडे बघूनही न हसणारे आम्ही सहा जण एका कागदावर आलो. सहा ओळी, एक शिक्का, गटप्रमुख म्हणून मास्तरांची सही. फलाटाच्या फाटकावर तो कागद दाखवायचा आणि सगळ्यांनी एकदम आत जायचं, असा नियम. कागद नसेल तर सहा पूर्ण भाडी, वर दंड.

"नीट बघा, मास्तर. पिशवीत असेल," मी म्हणालो.

"पिशवीत काय असेल? पाकिटातच होतं! मी स्वतः चिकटपट्टी लावली होती." मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. आयुष्यभर नकाशे गुंडाळून ठेवलेल्या माणसाकडून कागद हरवणं म्हणजे आचाऱ्याचं मीठ चुकल्यासारखं. 

पाकिटात निघाला होता घडी घातलेला एक पत्रक-कागद. रेल्वेचं नवं वेळापत्रक. जाडी अगदी तिकिटाएवढी, म्हणजे बाहेरून चाचपलं तर कळायचं नाही.

कोपऱ्यातल्या बाकावर मिस्त्री बसले होते. गवंडीकाम करणारा धिप्पाड माणूस, पण डाव्या डोळ्याने दिसणं बंद झालेलं आणि उजवाही गढूळ होत चाललेला. उद्या सकाळी नऊ वाजता त्यांच्या शस्त्रक्रियेची वेळ होती. चुकली तर पुढची तारीख चार महिन्यांनी.

"पूर्ण भाडं माझ्याकडून व्हायचं नाही," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही लोक जा. मी संध्याकाळच्या गाडीने घरी परततो."

 आणि मग एकेकाची नजर माझ्याकडे वळली.

खोटं कशाला सांगू, पहिला संशय माझ्यावर आला यात लोकांची काही चूक नव्हती. आदल्या दिवसापासून मीच मास्तरांशी भांडत होतो.

२

मी क्लॅरिनेट वाजवतो. शहरातल्या एका वाद्यवृंदाने चाचणीला बोलावलं होतं. या गटात मला ओढलं ते आमच्या गल्लीतल्या शिलाईच्या दुकानवाल्या काकूंनी. त्या मला 'पिपाणी' म्हणतात. त्यांच्या लेकीला मुलगी झाली होती, तीन महिन्यांच्या नातीला बघायला त्या पहिल्यांदाच निघाल्या होत्या. सामानात दोन पिशव्या माझ्या असतील, तर पाच त्यांच्या.

"भांडण कशावरून होतं रे तुझं?" काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे. जाताना एक तृतीयांश सूट आणि परतीला मात्र प्रत्येकाकडून पूर्ण भाडं! हे कसलं गटाने जाणं?"

"परतीला गर्दीचा हंगाम आहे. सवलत बंद असते. शंभरदा सांगितलं," मास्तर म्हणाले.

"म्हणून काय मी तिकीट चोरीन? मग मी कशाने जाऊ, क्लॅरिनेटवर बसून?"

"ओरडू नकोस, पिपाणी. चोरलंस असं मी कुठे म्हणाले?" काकूंनी मास्तरांच्या हातातून ते पाकीट घेतलं आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या कपड्यांच्या शिवणी उलगडून बघितलेली बाई. कुठला टाका आधीचा आणि कुठला मागाहून घातलेला, हे त्यांना बोटांनी कळतं. मी त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो, पण मला काही पाकिटापलीकडे दिसेना.

"दार लावून घे," त्या म्हणाल्या. "कुणी कुठे जाऊ नका. पोलीस-बिलीस नको. दीड तास आहे आपल्या हातात."

आमची गाडी साडेअकराला आली होती. मास्तर बारा वाजता बाकावर पाय पसरून झोपले, पिशवी उशाशी. बारा चाळीसला मीच त्यांना उठवलं, डब्याचा क्रमांक विचारायला. म्हणजे जे काही झालं ते या चाळीस मिनिटांत. काकू तेव्हा सगळ्यांकडे पाठ करून आपल्या पाच पिशव्या नीट लावत होत्या.

काकूंनी माझ्यापासून सुरुवात केली. मी बाहेरच्या टपरीवर चहाला गेलो होतो, चहावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घातला आणि परत आलो.

"म्हणजे साक्षीदार आहे," काकू म्हणाल्या. "तू भांडखोर आहेस ते बरंय. लोक लक्षात ठेवतात."

मग सिस्टर. त्या रुग्णालयात परिचारिका होत्या. सासऱ्यांना घेऊन निघाल्या होत्या. आठ दिवस त्यांचं स्वतःचं प्रशिक्षण, तेवढे दिवस सासरे धाकट्या मुलाकडे राहणार. चाळिशीच्या आसपासची, कामसू, तोंडात कमी शब्द असलेली बाई.

"मी घरी फोन करायला गेले होते," त्या म्हणाल्या. "इथे आत रेंज नाही."

"किती वेळा?"

"एकदाच." मग त्या मास्तरांकडे वळल्या. "मास्तर, जरा बाहेर येता का? मला—"

"आधी तिकीट सापडू दे, मग काय ते बोला!" मी मध्येच तोडलं. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

सिस्टरांचे सासरे, आम्ही सगळे त्यांना आजोबाच म्हणायचो, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. छापखान्यात कंपोझिटर होते, एकेक अक्षराचा खिळा उचलून ओळी जुळवणारे. आता हाताला कंप होता; चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा. प्रवासभर त्यांनी मिस्त्रींना बोलून बोलून रमवलं होतं. परत आलो की मागच्या खिडकीची बिजागरी बदलायची, कुंडीतल्या लिंबाला मोठी कुंडी करायची, असले बेत.

"आजोबा, तुम्ही कुठे गेला होतात?"

"मी? या गुडघ्यांनी? इथेच बसलो होतो. आणि तिकिटाचं एवढं मनावर नका घेऊ. कागद आहे, जाऊन जाऊन जाणार कुठे?" ते सगळ्यांत शांत होते. जरा जास्तच शांत, असं मला वाटलं. बोलताना ते काकूंकडे बघत नव्हते. सुनेकडे बघत होते.

शेवटी मिस्त्री. काकू त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि आवाज खाली आणला. मी जवळच होतो म्हणून ऐकू आलं.

"मिस्त्री, तुम्ही जागेवरून हलला नाहीत?"

"नाही."

"आणि आजोबा?"

"माझ्या खांद्याला खांदा लावून बसले होते. एकदाही उठले नाहीत."

"बाकी काही?"

 मिस्त्रींनी मोठमोठे पंजे गुडघ्यांवर घासले. "काकू, मला दिसत नाही. म्हणून माझे कान जरा जास्त काम करतात. पण ऐकलेल्यावरून एखाद्याचं नाव घेणं बरं नाही."

"नाव नका घेऊ. फक्त सांगा, दार किती वेळा वाजलं?"

मिस्त्रींनी मनातल्या मनात मोजलं. "पिपाणीदादा एकदा गेले, एकदा आले." ते थांबले. "आणि एक जोडी बूट चुरचुर वाजणारे. ते दोनदा गेले. दोनदा आले."

खोलीत चुरचुर वाजणारे बूट एकाच माणसाच्या पायात होते. रबरी तळव्याचे, पांढरे, रुग्णालयात घालतात तसले.

३

मी लगेच उठलो. पण काकूंनी माझी बाही धरून मला खाली बसवलं.

"सिस्टर खोटं बोलल्या!" मी कुजबुजलो.

"बोलल्या. पण का, ते अजून कळलं नाही. उसवायला घेतलं की एकदम ओढायचं नाही, कापड फाटतं." त्यांनी पाकिटात सापडलेलं ते वेळापत्रक माझ्या मांडीवर ठेवलं. "हे वाच. सगळं. जाहिरातीसकट."

"काकू, एक वाजत आला!"

"म्हणूनच भरभर वाच."

मी वाचत गेलो. गाड्यांचे आकडे, फलाट, सामानाचे नियम. शेवटच्या पानावर तळाशी एक चौकट होती. मी मोठ्यांदा वाचलं, "गटप्रवास सवलत. सहा किंवा अधिक प्रवासी. जाण्यायेण्याच्या सर्व गाड्यांना, वर्षाचे बाराही महिने—"

मी थांबलो. मास्तरांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता.

"बाराही महिने," काकूंनी री ओढली. "मग हंगामात सवलत बंद, हे कुठून आलं, मास्तर?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "म्हणजे तुम्ही परतीचे जास्तीचे पैसे खिशात घातलेत! आणि ते उघडं पडू नये म्हणून तिकीटच नाहीसं केलंत!"

"तोंड सांभाळ!" मास्तर ताडकन उभे राहिले. पस्तीस वर्षं वर्गावर चालवलेला आवाज होता तो. "एक पैसा घेतलेला नाही मी. भरलं ते सगळं खिडकीवर भरलं."

"विश्वास आहे माझा," काकू म्हणाल्या. "मला फक्त एवढंच कळतं. सहा असतील तर सूट मिळते. परतीला सूट मिळाली नाही. म्हणजे परतीला सहा नाहीत."

इतका साधा हिशोब, आणि कालपासून भांडूनही मला सुचला नव्हता.

मास्तर हळूहळू खाली बसले. "पाच आहेत," ते म्हणाले. "एकाचं तिकीट फक्त जाण्याचं आहे. कुणाचं ते विचारू नका. मी शब्द दिला होता. खोटं बोलायची सवय नाही, म्हणून हंगामाचं कारण सुचलं. भूगोलाच्या माणसाला दुसरं काय सुचणार!"

 आम्ही एकमेकांकडे बघत होतो. आपल्यातला कोण परत येणार नव्हता? काकू? नातीत अडकल्या तरी दुकान सोडायच्या नाहीत. मी? चाचणीत निवडला गेलो तरी रुजू व्हायचं महिन्याने. मिस्त्रींची बायको-मुलं मागे होती.

"मी," कोपऱ्यातून आवाज आला.

आजोबा काठीवर भार देऊन उभे राहिले होते. कंप सुटलेला हात त्यांनी दुसऱ्या हातात धरून ठेवला होता.

"परत न येणारा तो मीच. आणि तिकीटही मीच घेतलं. मला जायचं नव्हतं म्हणून. फाडून टाकलं."

४

"बाबा!" सिस्टरांच्या तोंडून एवढंच निघालं.

आजोबांनी सुनेकडे बघितलं नाही. "मिस्त्री, तुमची माफी मागतो. तुमचं भाडं मी भरेन. माझी अंगठी आहे."

"खाली बसा, आजोबा," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेणं सोपं नसतं, त्याला बरीच माहिती लागते. तुकडे कुठे टाकलेत?"

"बाहेर. कचऱ्याच्या डब्यात."

"मिस्त्री म्हणतात तुम्ही उठलाच नाहीत. आणि हे बघा." त्यांनी पाकीट सगळ्यांना दिसेल असं धरलं. "मास्तरांनी पट्टी लावली होती, ती कुणीतरी सोलून काढली आणि जशीच्या तशी परत लावली. फरक एकच. पट्टीचं टोक आतल्या बाजूला दुमडलंय. अगदी नखाएवढं. असं का करतात ठाऊक आहे? पुन्हा काढायची असली की टोक चटकन हाताला लागावं म्हणून. जखमेवरची पट्टी रोज बदलणारे हात हे न विचार करताच करतात. तुमच्या हातांना आज ते जमणार नाही, आजोबा. राग मानू नका."

आजोबा काठी धरून खाली बसले.

"ते टोक मला पहिल्यापासून सांगत होतं," काकू पुढे म्हणाल्या, "की तिकीट घेणाऱ्याला पाकीट पुन्हा उघडायचं होतं. चोर कशाला पुन्हा उघडेल? ज्याला वस्तू परत ठेवायची आहे तोच उघडेल. म्हणजे तिकीट फाडलेलं नाही, फेकलेलं नाही. काही कामासाठी नेलंय. आता हे वेळापत्रक. कोरं करकरीत, आजपासून लागू. टपरीवर नाही, फलाटावर नाही. आपण आलो तेव्हा पुलापलीकडच्या तिकीटघरात, खिडकीशेजारच्या खणात मी ते बघितलं होतं. म्हणजे तिकीट नेणारं माणूस आधी तिकीटघरात एकदा जाऊन आलं होतं, चौकशीला. मग परत आलं, तिकीट घेतलं, जागी हा कागद ठेवला आणि दुसऱ्यांदा गेलं. दोन खेपा."

काकूंनी पाकीट खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच सिस्टरांकडे सरळ बघितलं.

"जाण्याच्या तिकिटाचं जाण्या-येण्याचं करून मिळतं का, हे विचारायला गेली होतीस ना, बाई?"

सिस्टर बाकावर बसल्या. किती वेळ दाबून ठेवलेलं रडू असेल ते, पण आवाज न करता आलं.

"खिडकीवाले म्हणाले, होतं," त्या सांगू लागल्या. "मूळ कागद आणा म्हणाले. मास्तर झोपले होते. उठवलं असतं तर सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं. मला वाटलं, दहा मिनिटांत बदलून आणीन आणि गुपचूप परत ठेवीन. बाबांना कधी कळणारही नाही की आधी काय होतं. पण कागद दिल्यावर ते म्हणाले, गटप्रमुखाची सही लागेल, आणि जेवणाची सुट्टी झाली म्हणून खिडकी बंद केली. कागद आत राहिला." त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली, शिक्का मारलेली. "दीड वाजता उघडेल. मी परत आले तर मास्तर जागे झाले होते आणि... मी दोनदा त्यांना बाहेर बोलवायचा प्रयत्न केला."

दोन्ही वेळा मीच आडवा आलो होतो. दुसऱ्या वेळचं तर मला कळलंही नव्हतं.

"घरी आम्ही दोघंही पाळीपाळीने कामाला," सिस्टर कुणाकडेच न बघता बोलत होत्या. "मागच्या महिन्यात बाबा दूध तापत ठेवून विसरले. घरभर धूर. शेजाऱ्यांनी दार उघडलं म्हणून निभावलं. तेव्हा यांनी आणि भाऊजींनी ठरवलं की बाबांनी आता तिकडेच राहायचं. कायमचं. बाबांना सांगायचं धाडस कुणालाच नाही, म्हणून आठ दिवसांसाठी चाललोय असं सांगितलं. आणि कालपासून हे मिस्त्रींना सांगतायत, परत आल्यावर बिजागरी बदलीन, कुंडी बदलीन... मला ऐकवेना."

आजोबांनी काठी बाकाला टेकवली.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

सिस्टरांनी मान वर केली.

"पहिल्या फाटकावर मास्तरांनी कागद टेबलावर ठेवला होता. मी समोरच्या बाजूला उभा. कागद माझ्याकडून उलटा. पण चाळीस वर्षं खिळे जुळवलेत मी, पोरी. उलटं वाचणं हेच माझं सुलट. सगळ्यांच्या ओळीत 'जाणे-येणे' आणि माझ्या ओळीत नुसतं 'जाणे'."

"मग बिजागरी, कुंडी... ते सगळं?"

"मला कळलंय हे तुला कळू नये म्हणून. तू आधीच घाबरलेली होतीस."

मिस्त्रींनी नाक ओढलं. मी भिंतीकडे बघू लागलो. अशा वेळी काय करावं हे मला वाद्य हातात नसलं की कळत नाही.

घड्याळात एक वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. "रडणं-भेकणं गाडीत करता येईल," काकू उठल्या. "सही करायला कोण चाललंय?"

५

सगळेच गेलो. आजोबांचा पूल चढायचा प्रश्न होता, तो मिस्त्रींनी सोडवला. "मला पायऱ्या दिसत नाहीत, तुम्हाला चढवत नाहीत," ते म्हणाले, आणि आजोबांना सरळ पाठीवर घेतलं. "तुम्ही पायरी सांगा, मी चढतो." पुलावरून उतरेपर्यंत आजोबा 'एक, आणखी एक, आता सपाट' असं सांगत होते आणि भर दुपारी लोक वळून वळून बघत होते.

खिडकी उघडायला दीडचे एक चाळीस झाले. कारकून पोट भरल्याच्या समाधानात होता, त्यामुळे घाई फक्त आम्हाला होती. त्याने कागद काढला, मास्तरांची सही तपासली, दोन ठिकाणी आणखी घेतली.

"आता हे परतीला सहा झाले," तो म्हणाला. "म्हणजे परतीचीही सूट लागू. पाच जणांनी भरलेल्या जास्तीच्या रकमेतून सहाव्याचं भाडंही निघतं. वर उरतं ते बदलाच्या शुल्कात जाईल; काही मिळणार नाही, काही द्यावंही लागणार नाही."

तो जे म्हणाला ते समजायला मला थोडा वेळ लागला. सहाव्या माणसाला परत आणायला आम्हाला एक पैसाही पडणार नव्हता. तो नसता तर तेवढेच पैसे आम्ही त्याच्या नसण्यासाठी मोजले असते. मी मास्तरांची माफी मागितली. त्यांनी 'वह्या काढा' म्हणावं तशी मान हलवली.

"फक्त एक," कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला. "ज्यांचं तिकीट बदलतोय ते कोण? त्यांचा होकार लागेल. आजोबा, तुम्ही? परत यायचंय ना?"

सिस्टर पटकन म्हणाल्या, "हो, यायचंय त्यांना."

"थांब," आजोबा म्हणाले. "मला विचारलंय त्यांनी. पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारलंय. जरा विचार करू दे."

एक पंचेचाळीस झाले होते. काकूंनी माझ्या तोंडासमोर हात धरला, मी काही बोलायच्या आधीच.

"गॅस मी विसरलो, ते खरं आहे," आजोबा सुनेला म्हणाले. "मलाही भीती वाटते. तुम्ही कामावर गेलात की मी चार चार वेळा उठून चूल बघतो. म्हणजे परत आलो तरी ती अडचण राहणारच, हे तुला कळतंय ना?"

"कळतंय," सिस्टर म्हणाल्या. "पण ती आपण तिघं बसून बोलू. तुम्हाला धरून. मला एवढंच हवंय."

"आणि धाकट्याकडे आठ दिवस राहून मला तिथेच बरं वाटलं तर?"

सिस्टरांना हे अपेक्षित नव्हतं. पण त्या चाचरल्या नाहीत. "तर राहा, बाबा. तुमच्या मनाने. परतीचं तिकीट तुमच्या खिशात असलं म्हणजे झालं."

आजोबांनी खिडकीत हात घातला. कारकुनाने पेन पुढे केलं. कापऱ्या हाताने त्यांनी सही केली; वेळ लागला, पण आम्ही कुणी मदत केली नाही. अक्षरं वाकडी आली, तरी एका ओळीत होती.

दोन वाजून चार मिनिटांनी आम्ही सहा जण फाटकातून आत गेलो.

६

पुढे काय झालं तेही सांगून टाकतो, नाहीतर चुटपुट राहते.

मिस्त्रींच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी वेळेवर झाली. पट्टी काढली तेव्हा सिस्टर त्यांच्याजवळ होत्या. पहिलं वाक्य ते म्हणाले, "अरे, भिंतीचा गिलावा अगदी कच्चा आहे हो तुमच्या." मी चाचणीत निवडला गेलो नाही, पण पुढच्या वर्षी पुन्हा या असं त्यांनी सांगितलं, आणि तसं ते सगळ्यांना सांगत नव्हते, हे मी दारात थांबून ऐकून घेतलं. काकूंच्या नातीने पहिल्याच दिवशी त्यांच्या अंगावर दूध काढलं. ते त्या अजून कौतुकाने सांगतात.

नवव्या दिवशी सकाळी त्या मोठ्या स्टेशनवर आम्ही चौघं उभे होतो. मास्तर दर मिनिटाला घड्याळ बघत होते. आजोबा आणि सिस्टर आले नव्हते.

"धाकट्याकडे करमलं असेल," मी म्हणालो. "बरं झालं त्यांचं." म्हणालो खरा, पण नजर फाटकाकडेच होती.

"येतात," मिस्त्री एकदम म्हणाले. आता त्यांना एका डोळ्याने लांबवरचं दिसत होतं, आणि ते कुणाच्याही आधी बघायची संधी सोडत नव्हते. "दोघं नाहीत. तिघं आहेत."

आजोबांच्या एका बाजूला सिस्टर होत्या. दुसऱ्या बाजूला त्यांच्यासारख्याच नाकाचा, पन्नाशीकडे झुकलेला माणूस, हातात त्यांची बॅग घेऊन. धाकटा मुलगा.

"हा पंधरा दिवस येतोय आमच्याकडे," आजोबा धापा टाकत म्हणाले. "मी म्हटलं, मला ठेवायचं की न्यायचं हे तुम्ही दोघं भाऊ फोनवर ठरवता, ते आता समोरासमोर बसून ठरवू. माझ्यासमोर." मग ते मास्तरांकडे वळले. "मास्तर, सातवा माणूस चालतो का हो गटात?"

"सहा किंवा अधिक!" मास्तर म्हणाले, आणि पाकीट घेऊन तिकीटखिडकीकडे धावत सुटले.